मेजर म्हणू नये

आमच्याकडं मिलिटरीतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात. तो शिपाई म्हणून गेलेला असो नाहीतर लंगरात पोळ्या लाटून आलेला असो, गावात उतरला की मेजर. स्टँडवरचा रिक्षावाला म्हणतो मेजर, दवाखान्यातला कंपाउंडर म्हणतो मेजर, आणि सरपंच तर माईकवरून म्हणतो. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. वाटायचं ते एकट्या आमच्या घरमालकांना, आणि इतकं वाटायचं की समोरच्याची अख्खी सकाळ वाया जायची.

माजलगावात त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. माझे वडील, म्हणजे बप्पा, कालव्यावर नोकरीला होते. घराच्या फाटकावर पाटी होती. वर नाव, खाली 'हवालदार (सेवानिवृत्त)', आणि त्याच्या खाली लाल रंगात 'मेजर म्हणू नये'. नवा पोस्टमन आला की पाटी वाचून हसायचा. मग काका बाहेर यायचे आणि त्याचं हसू तिथंच विरायचं.

"हसतो कावून बे? ऐक. शिपाई, मग लान्स नायक, मग नायक, मग हवालदार. त्याच्यावर नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. अन् मग अफसर लोक. चोवीस वरसं झिजलो तवा मी हवालदार झालो. तू एका दमात मला मेजर करतो व्हय?"

एवढं ऐकून तो बिचारा विचारायचा, "म्हंजे पोलीस का काका?" की मग दुसरा तास सुरू.

आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. उंच, ताठ, उजव्या गुडघ्यात थोडे अधू. पहाटे पाचला शिट्टी. शिट्टी वाजली की पाण्याची मोटर चालू, आणि भाडेकरूंनी उठायचं. आई सुरुवातीला लई वैतागली होती. पण अंथरुणाच्या घड्या कशा घालायच्या हे त्यांनी तिला एकदा येऊन दाखवलं, पुस्तकाच्या कडेसारखी कड काढून, आणि त्या दिवसापासून ती त्यांच्या बाजूची झाली. काकू मात्र कधीच त्यांच्या बाजूच्या नव्हत्या. त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या, "चोवीस वरसं माणूस बाहीर व्हता, तवा लई बरं चाललं व्हतं माझं."

रविवारी दुपारी काका आपली खोली आतून लावून घ्यायचे. थोड्या वेळानं पितळ घासायच्या पॉलिशचा उग्र वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. पट्ट्याचं बक्कल चमकवत असतील असं आम्ही धरून चाललो होतो. ते बक्कल किती मोठं असेल की त्याला दर रविवारी तासभर लागतो, हे कुणी विचारलं नाही.

आणि एक गोष्ट. काका कुणालाही साहेब म्हणायचे नाहीत. तहसीलदाराला तहसीलदार म्हणायचे, डॉक्टरला डॉक्टर. एकदा एक मोठे पुढारी फाटकाशी मतं मागायला आले, तर त्यांना नावानं हाक मारून "या, बसा," म्हणाले. बप्पांना घाम फुटला. नंतर काका म्हणाले, "साहेब म्हणायला खांद्यावर स्टार लागतो. इथं कुणाच्या हाय?"

आता मुख्य सांगायचं म्हणजे, काकांना खोटा फौजी लांबून वास आल्यासारखा कळायचा. हाच त्यांचा छंद, हेच वेड आणि हीच त्यांची रोजची भांडणं. दाराला काठी घेऊन उभे असलेले गार्ड, बसमध्ये जागा मागणारे जवान, लग्नाच्या बाजारात उतरलेले कमांडो, कुणी सुटायचं नाही. आधी ते माणसाच्या बुटाकडं बघायचे, मग टोपीकडं, मग शांतपणे तीन प्रश्न विचारायचे. "शिपाई असतानाचा नंबर? बट नंबर? उस्ताद कोण?"

बट नंबर म्हणजे रायफलच्या दस्त्यावर रंगवलेला आकडा. तो सांगितल्याशिवाय रायफल मिळत नाही. आणि उस्ताद म्हणजे पहिल्या दिवसापासून रगडा लावणारा शिकवणारा. काका म्हणायचे, "फौजी बायकोचा वाढदिवस इसरंल, पण ह्या तीन गोष्टी न्हाई इसरणार. मरताना विचारा." काकू आतून म्हणायच्या, "वाढदिवसाचं खरं हाय."

तेलगाव रस्त्याला एकानं भरतीची तयारी करून घेणारी अकॅडमी काढली होती. बॅनरवर स्वतःला कॅप्टन म्हणवलं होतं आणि छातीवर पाच-सहा मेडलं लावून फोटो टाकला होता. काका आणि बप्पा मोटारसायकलवरून चालले होते. काकांनी गाडी थांबवायला लावली, बॅनर नीट पाहिला आणि सरळ आत गेले. पोरं मैदानात पळत होती. कॅप्टन खुर्चीत.

"मेडलं उजवीकडं कावून लावलीत?"

"कसं बी लावलं तर काय होतंय?"

"स्वतःचं मेडल डावीकडं. उजवीकडं लावतात ते गेलेल्या माणसाचं, त्याच्या घरच्यांनी. तुमच्या घरचं कोण गेलं?"

बप्पा सांगायचे, काकांनी हे इतक्या मायेनं विचारलं की त्या माणसाला खोटं बोलायला सुचेना. एकही मेडल त्याच्या घरचं नव्हतं. चारच दिवसांत बॅनरवरचा 'कॅप्टन' चुन्यानं पुसला गेला. पोरांना मात्र काका पुढं कितीतरी दिवस तिथं जाऊन फुकट परेड शिकवत होते, त्याच कॅप्टनच्या अकॅडमीत.

म्हणजे माणूस कडक होता, पण आतून नव्हता. एका थंडीत मेंढरं घेऊन चाललेला एक म्हातारा धनगर आमच्या गल्लीतून गेला. अंगात मिलिटरीचा जुना कोट. काका धावलेच फाटकाबाहेर. मला वाटलं, झालं, आता म्हाताऱ्याला तीन प्रश्न. म्हातारा म्हणाला, "बाजारातून घेतला बाबा. थंडी लई हाय." काकांनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि स्वतः सुई-दोरा घेऊन कोटाची पितळी बटनं उसवून त्या जागी काकूंच्या डब्यातली साधी काळी बटनं लावली. तोवर मेंढरांनी काकूंचा सगळा मोगरा खाल्ला. "बटनं सरकारची, कोट तुझा. जा आता," काका म्हणाले.

त्या दिवशी काकूंनी त्यांना जेवायला वाढलं नाही. आमच्याकडं जेवले.

आता माझं सांगते. त्याशिवाय काका पुरते सांगून होत नाहीत.

मला स्थळं बघणं चालू होतं तेव्हा लिंबागणेशचं एक स्थळ आलं. मुलगा मिलिटरीत, नायब सुभेदार, वय अठ्ठावीस. मधला माणूस म्हणाला, शेती आहे, घर चांगलं आहे, मुलगा शांत आहे. बप्पा खूष. कौतुकानं काकांना जाऊन सांगितलं, "तुमी बी बसा बैठकीला. तुमच्यातलाच हाय."

काकांनी पेपर खाली ठेवला. "वय किती म्हणालात?"

"अठ्ठावीस."

"अन् नायब सुभेदार?"

बप्पांना त्यात काही कळलं नाही. काकांनी पेपर परत उचलला. पण बघायच्या कार्यक्रमाला इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी येऊन बसले.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले तेव्हा चौकशी सुरू झालेली होती. मुलगा मान खाली घालून बसलेला. गोरा, थोडा जाड, केस बारीक कापलेले. शेजारी त्याचे वडील, मोठा फेटा. समोर काका.

"शिपाई असतानाचा नंबर सांगा."

"मी शिपाई नव्हतो," मुलगा म्हणाला.

"नव्हतो? मग आईच्या पोटातून स्टार लावून आलास का बे?"

आमच्याकडचे तिघं पाहुणे हसले. मुलाचे कान लाल झाले.

"बट नंबर?"

"रायफल माझ्या नावावर नसते."

"उस्ताद?"

मुलगा म्हणाला, "तसं न्हाई काका, मी तिथं..." आणि त्याच्या वडिलांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग मुलानं खिशाकडं हात नेला, कार्ड काढायला. काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे. असली कार्डं बीडला कलर झेरॉक्सवर निघतात. मी चार पकडलीत." मग ते बप्पांकडं वळले. "मी चोवीस वरसं काढली, मला हा स्टार लागला न्हाई. अन् हे पोरगं शिपाई न होता नायब सुभेदार. पोरगी द्यायची का न्हाई ते तुमी ठरवा."

ते लोक उठले. पोहे तसेच राहिले. जाताना मुलानं माझ्या हातातला ट्रे बघितला, एक कप उचलला, उभ्या उभ्या दोन घोट प्यायला आणि कप परत ठेवून म्हणाला, "चहा चांगला झालाय." एवढंच. खोटं पकडलं गेलेला माणूस असं करतो का? मला तेव्हाच वाटलं की नाही.

आठ दिवसांत ती गोष्ट लिंबागणेशपासून तेलगावपर्यंत पसरली. मुलगा तोतया आहे, पोलिसांत देणार आहेत, असं काहीबाही. घरात सगळे काकांचे उपकार मानत होते. आईनं तर त्यांना पुरणपोळी नेऊन दिली. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पहाटेच्या शिट्टीलाही उठायची नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी काका स्वतःच आमच्या दारात आले.

"राग आलाय का माझा?"

"आलाय."

"वाचवलं तुला. कळंल पुढं."

मला राहवलं नाही. "काका, तुमी त्याला तीन प्रश्न विचारले. चौथा विचारलाच न्हाई."

"कोणता?"

"की बाबा, तू तिथं करतोस काय?"

काका हसायला गेले आणि थांबले. मग वळून घरात गेले. त्या संध्याकाळी फाटक लावताना त्यांनी भाडेकरूंची रोजची हजेरी घेतली नाही.

संकष्टीला काका लिंबागणेशला गेले. तक्रार करायची तर पुरावा पाहिजे, असं काकूंना सांगून गेलते. देवळात गर्दी. रांगेत उभे असताना आतून अथर्वशीर्षाचा आवाज येत होता, खणखणीत, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. काकांनी शेजारच्या म्हातारीला विचारलं, "कोण म्हणतंय?" म्हातारीनं नाव सांगितलं. तोच मुलगा. "सुट्टीवर आला की हितं बसतो. मिलिटरीत बी हेच काम हाय त्याचं. देवळात पूजा करायची, जवानांना दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या. बापाला लाज वाटती म्हणायची. लोक म्हणतेत, मिलिटरीत जाऊन घंटाच बडवायची तर हितं काय वाईट व्हतं? म्हणून बाप कुणाला सांगू देत न्हाई."

पलटणीत धर्मगुरू असतो. तो शिपाई म्हणून भरती होतच नाही, सरळ नायब सुभेदार होऊनच येतो. रायफल त्याला देत नाहीत. सगळे त्याला पंडितजी म्हणतात. हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. चोवीस वर्षं प्रत्येक पलटणीत त्यांनी पंडितजींपुढं बसून आरती म्हटली होती.

दुपारच्या एसटीनं ते परत आले आणि घरात न जाता आमच्या दारात उभे राहिले. टाचा जुळवून, हात पँटच्या शिवणीला लावून. बप्पा जेवत होते. काका हिंदीत बोलायला लागले म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे आम्हाला ठाऊक होतं.

"गलती मेरी है. लडका सच्चा है."

बप्पा घास हातात धरून तसेच बसले. आई म्हणाली, "अहो काका, आत तरी या." काका आले नाहीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पंडितजी डोक्यातच आला न्हाई, पोरी. तुझ्या बप्पांनी नायब सुभेदार म्हणलं अन् मला फक्त स्टार दिसला. मला त्यो स्टार दिसला की दुसरं काईच दिसत न्हाई."

मला त्यांचा राग होता तो कुठल्या कुठं गेला. रडूच आलं मला. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांचं खोटं पकडलं, त्याला आपलं चुकलेलं पकडायला किती लागलं असेल!

पण पुढं सोपं नव्हतं. काका लिंबागणेशला तीनदा गेले. पहिल्यांदा मुलाच्या वडिलांनी दारच उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं आणि म्हणाले, "बोललात चारचौघात. आता घरात येऊन माफी मागता व्हय? चारचौघांनी जे ऐकलं त्याचं काय?" काका खाली मान घालून परत आले. तिसऱ्या खेपेला मुलगाच त्यांना स्टँडवर सोडायला आला आणि त्यांच्याजवळ मला एक निरोप दिला. काकांनी तो मला जसाच्या तसा, पाठ केल्यासारखा सांगितला. "तो म्हणाला, मुलीला विचारा, पूजा करणारा मिलिटरीवाला चालतो का?"

मी म्हणाले, "त्यांना सांगा, बंदूक घेऊन मला संसार करायचा न्हाई."

काका हे सांगायला पुन्हा एसटीत बसले. चौथी खेप धरत नाही मी, कारण त्या वेळी तिकडच्यांनी त्यांना जेवायला घालून पाठवलं.

लग्न माजलगावातच झालं. लिंबागणेशचं अर्धं गाव आलेलं, तेलगावचे पाहुणे आलेले, बघायच्या दिवशी हसलेले ते तिघंही आलेले. मांडवात थोडी कुजबुज होतीच. लोकांना एकदा कुणी तोतया सापडला की तो खरा निघालेला फारसा आवडत नाही. आम्ही दोघं स्टेजवर बसलो होतो, अक्षता व्हायच्या होत्या. तेवढ्यात मांडवाच्या दारातून काका आले. निळा कोट, डाव्या छातीवर मेडलं, डोक्यावर टोपी, बूट आरशासारखे. कुणीतरी हौसेनं ओरडलं, "मेजर आले, मेजर आले!" पहिल्यांदाच काकांनी त्याला काही म्हटलं नाही.

अधू गुडघ्यानं ते सरळ मधल्या वाटेनं चालत आले आणि स्टेजसमोर थांबले. बूट आपटले. भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. मांडवात शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात काका म्हणाले,

"राम राम, साहेब!"

तहसीलदाराला नाही, पुढाऱ्याला नाही, कुणाला न म्हटलेला तो शब्द माझ्या नवऱ्याला म्हटला. माझे सासरे फेटा सावरत उभे राहिले. नवरा उठला. मुंडावळ्या बाजूला केल्या आणि म्हणाला, "राम राम, हवालदार."

अख्ख्या माजलगावात त्यांना बरोबर हाक मारणारा तो पहिला माणूस.

मग काकांनी कोटाच्या खिशातून कुंकवाची एक छोटी जुनी डबी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं उघडली. आत कापसावर दोन पितळी स्टार होते. नवेकोरे. एका खांद्याला एक. नायब सुभेदाराला लागतात तसे.

"बढतीच्या यादीत नाव आलतं माझं," काका हळू बोलले, आता फक्त आम्हा दोघांना ऐकू येईल इतकं. "त्याच दिवशी इकत घेतले. पुढं गुडघा गेला अन् घरी पाठवलं. पडून व्हते माझ्याकडं. तुमच्या कामाचे हायत."

मी काकूंकडं बघितलं. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पदर तोंडाला. नंतर त्यांनी मला सांगितलं, "दर रईवारी घासायचे. पण एकदा बी खांद्यावर धरून बघितले न्हाईत बाई. म्हणायचे, आपले न्हाईत."

नवऱ्यानं डबी मिटली, स्टेजवरून खाली उतरला आणि काकांच्या पाया पडला. काका एकदम घाबरून मागं सरले. "ओ साहेब, असं करू नका! वर्दीत असं चालत न्हाई!" दोघांपैकी कुणीच वर्दीत नव्हतं.

आता आम्ही पार लांब, थंड मुलखात असतो. ह्यांच्या वर्दीवर तेच दोन स्टार आहेत. काकांचं वय झालंय, गुडघा आता पार कामातून गेलाय, पाटी मात्र फाटकावर आहे तशी आहे. रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो. माझी खुशाली, पोरीचा अभ्यास, इथली थंडी, सगळं नंतर. आधी विचारतात,

"पॉलिश केलं का?"